वाळूतली खूण

हैदराबादच्या नुमाइश प्रदर्शनाच्या गर्दीत लक्ष्मणराव बिरादारांच्या हातात कुणीतरी एक कागद कोंबला. धुळीनं नाक चोंदलं होतं म्हणून त्या कागदानंच नाक पुसावं असं त्यांनी ठरवलं आणि कागद उलटा केला, तर त्यावर त्यांची बायको होती. पाठमोरी होती. पोपटी साडीच्या निऱ्या दोन्ही हातांनी घोट्याच्या वर धरून ती समुद्राकडं बघत उभी होती. डाव्या बाजूला तीन नारंगी तंबू, मागं निळं पाणी, वर मोठ्या अक्षरांत ‘यंदाही तेच बेट! समुद्र, तंबू आणि तुम्ही!’ पाठमोऱ्या बाईला कोण ओळखणार? पण वंदनाच्या अंबाड्यातला तिसरा आकडा नेहमी निम्मा बाहेर आलेला असायचा आणि तो त्या चित्रातही तसाच बाहेर आलेला होता. तो आकडा आत खोचायला लक्ष्मणरावांचं बोट आपोआप पुढं गेलं. मग ते खाली सरकलं आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या पायाजवळ, एका ठिकाणी दाबून धरलं गेलं. तिथं काय आहे ते त्यांना पुन्हा बघायचं नव्हतं. समोरच्या दुकानात त्यांची मुलगी रसिका लखनवी कुडते उलगडून बघत होती. माइकवरून एक हरवलेलं पोर आधी तेलुगूत, मग उर्दूत पुकारलं जात होतं. मिरची भज्यांचा तळकट धूर डोळ्यांत जात होता. “पप्पा, ये देखो ना, हा कलर कसा वाटतो?” रसिकानं तिथूनच विचारलं. “चांगला हाय,” ते न बघता म्हणाले आणि कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. घडी छातीला लागत राहिली. तिच्या पाठीवर तो कॅम्पवाला धंदा करायलाय, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. माझ्या मेलेल्या बायकोच्या पाठीवर.

वंदनाला जाऊन वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस उरले होते. या वर्षात लक्ष्मणरावांनी फारसं काही केलं नव्हतं. लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. हाताला काम नसलं की त्याचं डोकं चालू होतं. पहाटे उठावं, दोन कपांऐवजी एक कप चहा करावा आणि तो पिताना एकच वाक्य मनात घोळवावं. या माणसानं माझी बायको मारली. पाच शब्द. हा माणूस म्हणजे कौस्तुभ. पुण्याचा, चौतीस-पस्तीस वर्षांचा, आठवडाभर गच्चीबावलीकडं कॉम्प्युटरची नोकरी करणारा आणि सुट्ट्यांमध्ये मराठी कुटुंबांना कर्नाटकच्या किनाऱ्यासमोरच्या एका लहानशा बेटावर तंबूत राहायला नेणारा. हे पाच शब्द कुठं म्हणायचे ते मात्र ठरत नव्हतं. पोलिसात म्हणावेत तर ते कागद मागणार. त्याच्या घरी जाऊन म्हणावेत तर ऐकायला त्याची बायको एकटी, ती दार लावून घेणार. शब्द असे म्हणायला हवेत की पुन्हा त्याच्या तंबूत कुणी मराठी माणूस झोपायला जाणार नाही. कागदाच्या मागच्या बाजूला ती जागा छापलेलीच होती: रविवारी संध्याकाळी पाच वाजता, जामबागला शाळेच्या हॉलमध्ये, येणाऱ्या सगळ्या कुटुंबांसाठी माहितीची बैठक. लक्ष्मणरावांनी ते तीनदा वाचलं आणि वर्षात पहिल्यांदाच त्यांना भूक लागली. रसिकाबरोबर उभं राहून त्यांनी दोन प्लेट भजी खाल्ली. “धीरे पप्पा, गरम आहेत,” ती म्हणाली. जीभ भाजली ते त्यांना बरं वाटलं.

रसिकानं तिथं असावं असं त्यांनी ठरवलं ते वाटेत, गाडीत. ती आईवर रागावलेली होती. मेलेल्या माणसावर रागावणं सोपं नसतं, पण तिला ते जमलं होतं. आईचा फोटो तिनं घरात लावला नव्हता. दवाखान्यानं परत दिलेली आईची पर्स मात्र कपाटात ठेवली होती आणि मधूनच ती उघडून बघायची. पर्समध्ये इन्सुलिनच्या सुया होत्या, न वापरलेल्या, पाकिटासकट. “सुया घेतल्या आणि औषध घरी विसरली,” ती दर वेळी म्हणायची. “असं कोण करतं पप्पा? कौन करता? वीस वर्षं घेत होती ना ती?” यावर लक्ष्मणराव उठून नळ बंद आहे का बघून यायचे. मुलीचा राग आईवरून उठून त्या पोराच्या डोक्यावर जाऊन बसावा असं त्यांना फार वाटायचं. तो राग घरात होता, जेवताना समोर बसायचा. म्हणून रविवारी ते तिला म्हणाले, “जामबागला मंडळाची बैठक हाय. सोडतीस का? आणि थांब जरा, एकट्याला करमत नाही.” खिशातला कागद त्यांनी तिला दाखवला नाही. दाखवला असता तरी मराठी अक्षरांखाली बोट धरून वाचायला तिला वेळ लागला असता. पण चित्र ओळखायला तिला बोट लागलं नसतं.

समुद्र बघायचा हट्ट वंदनाचा होता. मांजरेकाठच्या गावातून लग्न होऊन ती सिकंदराबादला आली, आणि पस्तीस वर्षांत गाव, दवाखाना आणि दोनदा तिरुपती एवढंच फिरली. मंडळाच्या ग्रुपवर त्या बेटाची माहिती आली तशी ती मोबाईल घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायला लागली. “अहो, रात्री निजल्यावर कानाशी आवाज येतो म्हणं समुद्राचा.” “आवाजच ऐकायचाय तर इथं मालगाडी हाय की,” ते म्हणाले. “हौ, तेवढीच ऐकून मरावं का मी?” ती म्हणाली, आणि दोघं हसले. हे हसणं आता त्यांना सारखं ऐकू यायचं. बोटीत ती काठ घट्ट धरून बसली होती आणि पाणी तोंडावर उडालं की लहान पोरीसारखी ओरडत होती. बेट एवढंसं. एका बाजूला काळे खडक, दुसऱ्या बाजूला वाळूचा पट्टा, मध्ये नारळाची झाडं. चोवीस माणसं होती, बहुतेक कौस्तुभच्या वयाची, पुण्या-मुंबईची. वंदना ओल्या वाळूवर उभी राहिली, पायाखालची वाळू सरकली तशी दचकली, परत उभी राहिली. पिवळं ऊन होतं. कौस्तुभ कॅमेरा घेऊन फिरत होता आणि सगळ्यांना सांगत होता, “माझ्याकडे बघू नका, तुमचं तुमचं चालू द्या.”

त्याच्या थोडं आधी लक्ष्मणराव वंदनाचा थर्मास घेऊन कौस्तुभकडं गेले होते. इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या त्यात होत्या. संध्याकाळचं तिनं टोचून घेतलं होतं, पण प्रवासात बर्फ वितळून कोमट पाणी झालं होतं. झाडाखाली मोठी लाल बर्फाची पेटी होती. “एवढं ठेवून घेता का? औषध हाय.” कौस्तुभनं झाकण उघडून दाखवलं. आत बिअरच्या बाटल्या बर्फात गळ्यापर्यंत रुतल्या होत्या. “बघा ना काका, सुईलाही जागा नाहीये. तंबूच्या सावलीत ठेवा, दोन दिवसांत काही होत नाही.” शेजारचा एक पोरगा म्हणाला, “काका, एक बाटली संपवा, लगेच जागा होईल,” आणि चार-पाच जण हसले. कौस्तुभही हसला. ते हसणं वाईट नव्हतं, सुट्टीवर आलेल्या माणसाचं होतं. लक्ष्मणरावांनी मात्र वर्षभर ते रोज थोडं थोडं वाईट करत आणलं होतं. सकाळच्या चहाबरोबर त्या हसण्याला एकेक दात फुटत गेला.

पण त्यापुढचं ते कुणाला सांगत नसत. स्वतःलाही सांगायची वेळ आली की उठून नळ बघायचे. ते थर्मास घेऊन परत आले आणि त्यांना गाव आठवलं. उन्हाळ्यात मांजरेचं पात्र कोरडं पडायचं. हातभर वाळू उकरली की खाली गार ओल लागायची. तिथं लोक दह्याचं गाडगं पुरायचे, टरबूज पुरायचे, लक्ष्मणरावांची आई डोळ्यांत घालायचं औषध पुरायची. वर एक काठी रोवायची आणि काठीला चिंधी बांधायची. कुणाची खूण कुणी उपटत नसे. वाळू म्हणजे गावाचं कपाट होतं आणि नदी मृग लागेपर्यंत येत नसे. बेटावरची ओली वाळू पायाला तशीच गार लागली. पाणी मोजून ऐंशी पावलं लांब होतं. त्यांनी गुडघ्यावर बसून कोपरभर खड्डा केला, थर्मास आत ठेवला, वाळू सारखी केली, एक वाळकी काठी रोवली आणि वंदनाचा रुमाल मागितला. “इथं बी मांजराच केली का तुम्ही?” ती म्हणाली. “पेटीपेक्षा गार ऱ्हातंय बघ,” ते म्हणाले. त्यांना अभिमान वाटला होता. त्या बर्फाच्या पेटीवाल्यांना काय कळतंय, असं वाटलं होतं. वंदना काठीजवळ उभी राहून समुद्राकडं बघायला लागली. त्याच वेळी कौस्तुभनं तो फोटो काढला असणार.

सकाळी पाणी तंबूंच्या दोऱ्यांपर्यंत येऊन गेलेलं होतं. सगळा पट्टा पुसलेल्या पाटीसारखा सारखा होता. काठी नाही, रुमाल नाही, ऐंशी पावलं कुठून मोजायची तेही नाही. पाणी रोज येतं-जातं हे त्यांनी शाळेत वाचलं असेल, पण वाचलेलं पायाला कुठं ठाऊक असतं? ते उकरायला लागले. इथं उकरलं, तिथं उकरलं, हातानं, मग ताटानं. उकरलेल्या खड्ड्यात पाणी भरायचं आणि कडा ढासळायच्या. “काका खेकडे शोधतायत!” कुणीतरी ओरडलं. “सापडला तर आम्हाला बी द्या हं!” लक्ष्मणरावांनी हात वर करून हसून दाखवलं. खेकडेच शोधतोय असं दाखवलं. वंदना तंबूच्या तोंडाशी बसून हे बघत होती. ते जवळ आले तशी हळूच म्हणाली, “सांगू नका हो कुणाला. हसतील. एका दिवसानं काय होतंय?” हे ती म्हणाली होती, हे खरं आहे. पण ते तिनं त्यांचं तोंड बघून म्हटलं होतं. फोन लागत होता. बोट पाऊण तासात आली असती. सांगायला एक वाक्य लागलं असतं, आणि ते एक वाक्य त्यांनी चोवीस माणसांच्या हसण्याला भिऊन दिवसभर गिळलं. दुपारनंतर तिला उलट्या सुरू झाल्या. कौस्तुभ धावत आला, बोट लागली असेल म्हणाला, साखरेचं सरबत करून आणलं. प्रेमानं आणलं. “घ्या काकू, अंगात पाणी राहायला हवं.” लक्ष्मणरावांनी पेला स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाला लावला. तिची तहान भागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी बोट आली, तेव्हा तिचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळाचा वास होता.

किनाऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, “इन्सुलिन कहाँ है इनका?” लक्ष्मणराव म्हणाले, “घर पे भूल गयी.” ते शब्द कुठून आले ते त्यांना आजही कळलेलं नाही. त्यांनी ठरवलं नव्हतं, ते जिभेवर तयारच होते. कौस्तुभ शेजारी उभा होता. त्याला माहीत होतं. थर्मास त्याच्या नाकासमोर धरला होता, पेटीचं झाकण त्यानंच उघडून दाखवलं होतं. त्यानं लक्ष्मणरावांकडं बघितलं, लक्ष्मणरावांनी त्याच्याकडं बघितलं, आणि तो गप्प राहिला. दुपारी वंदना गेली. त्या वेळी बंगलोरला राहणारी रसिका संध्याकाळी पोचली, तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर ‘औषध घरी विसरली’ असं लिहिलेलं होतं आणि लक्ष्मणरावांना तेच पुन्हा सांगावं लागलं. सगळ्यात जास्त राग त्यांना कशाचा असेल तर त्या गप्प राहण्याचा. त्या पोरानं तेव्हा ओरडून म्हणायला हवं होतं, काका खोटं बोलताय, औषध होतं. त्यानं आपल्याला पकडलं नाही, सोडून दिलं, आणि सोडताना स्वतःही सुटून गेला.

हॉल भरलेला होता. शाळेचे बाक मागं ढकलून खुर्च्या मांडल्या होत्या. स्टेजवर नमुन्याचा नारंगी तंबू ठोकलेला, शेजारी लाल पेटी, मागं भिंतीवर पांढरा पडदा. रसिका त्यांच्या शेजारी बसली आणि मोबाईलमध्ये बघत राहिली. कौस्तुभ थोडा जाड झाला होता. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, “तंबूत एसी हाय का हो?” “हौ मामा, समुद्राचाच एसी,” कौस्तुभ म्हणाला आणि हॉल हसला. तो इथलं बोलणं शिकला होता. लक्ष्मणरावांनी हात मांड्यांवर ठेवले. या माणसानं माझी बायको मारली. शब्द तयार होते. थांबू जरा, त्यांना वाटलं, त्याला आणखी वर चढू दे. मग दिवे मालवले गेले आणि पडद्यावर चित्र आलं. बारा फूट समुद्र आणि त्यासमोर उभी वंदना, माणसापेक्षा मोठी. रसिकाचा मोबाईल मांडीवर पडला. “पप्पा,” ती म्हणाली, “ही आई आहे ना?” “हौ.” “ये आदमी तो... हाच तो कॅम्पवाला? तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी मान हलवली. तिनं त्यांचं मनगट धरलं. कौस्तुभ पुढं बोलत होता. बोट किती वाजता, टोप्या कसल्या, शौचालयाची सोय. मग त्याचा आवाज जरा खाली आला.

“आता औषधं. हे सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या वर्षी आपल्या ग्रुपमधल्या एक काकू इन्सुलिन घरीच विसरून आल्या. फार वाईट झालं, नाव घेत नाही मी. पण प्लीज, यादी करा, दोनदा तपासा. आपली काळजी आपणच घ्यायची असते.”

पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, “अगंबाई, विसरायची गोष्ट आहे का ती?” “काहींचं स्वतःकडं लक्षच नसतं हो,” शेजारीण म्हणाली. हॉलभर एक हळहळ फिरली. प्रत्येक जण आपापली औषधं आठवायला लागला आणि पडद्यावर वंदना सगळ्यांकडं पाठ करून उभी होती. ती वळणार नव्हती. रसिकानं मनगट सोडलं आणि मान खाली घातली. “बरोबर बोलतायत,” ती पुटपुटली. “सही बात है. लक्षच नव्हतं तिचं.”

लक्ष्मणराव उभे राहिले. खुर्ची मागं पडली. “या माणसानं...” ते म्हणाले, आणि सगळे वळले, आणि कौस्तुभनं त्यांना ओळखलं. लक्ष्मणरावांना त्याच्या तोंडावर भीती बघायची होती. वर्षभर त्यांनी ती भीती मनात रंगवली होती. ती नव्हती. होती ती दवाखान्यातली नजर. समजून घेणारी, जवळच्या माणसाची नजर. “काका,” तो मऊ आवाजात म्हणाला, “बसा ना. आपण नंतर बोलू, दोघंच.” दोघंच. या दोघांत मी याच्या बाजूला आहे, आणि वंदना एकटी तिकडं. पाच शब्द म्हटले तर तो उलट विचारील, मग औषध गेलं कुठं? आणि नाही म्हटले तर ती विसरलेलीच राहणार, दर वर्षी, दर बैठकीला, बारा फूट. त्यांना तो बुडायला हवा होता. आता दिसत होतं की त्याला बुडवायचं तर त्याच्या गळ्याला मिठी मारून आपणही पाण्यात उतरलं पाहिजे. उतरू, त्यांना वाटलं. तुला सोडत नाही.

ते रांगेतून बाहेर पडले, स्टेजच्या तीन पायऱ्या चढले. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत घुसला. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर समुद्र पडला, बाहीवर पोपटी साडी आली. “वंदना काही विसरली नव्हती,” ते म्हणाले. माइक नव्हता, पण वर्कशॉपमध्ये घणांच्या वर आवाज काढायची सवय होती. “वंदना बिरादार. माझी बायको. ही उभी हाय ती. औषध घेऊन आली होती. दोन बाटल्या, थर्मासात. मी त्या ह्याच्याकडं नेल्या. घेतल्या नाहीत. मग मी काय केलं ते बघा.” ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्याशी वाकले. कागदावर बोटाखाली झाकलेली ती जागा इथं वीतभर होती: वाळकी काठी, तिला बांधलेला रुमाल आणि भोवती काळपट ओली वाळू. पाणी रोज कुठवर येतं ते सांगणारी ओल, जी त्या दिवशी चोवीस माणसांतल्या एकालाही वाचता आली नव्हती. त्यांनी बोट ठेवलं तशी पडद्यावर सुरकुती पडली आणि वंदना जराशी हलली.

“इथं,” ते म्हणाले. “ही काठी मी रोवली. हिच्याखाली तिचं औषध हाय. नदी समजून समुद्रात पुरलं मी, आणि लाजंनं कुणाला सांगितलं नाही. ती विसरली म्हणून दवाखान्यात खोटं बोललो. हा ऐकत होता. ह्याला ठाऊक होतं.”

कुणीतरी दिवे लावले. पडद्यावरचं चित्र फिकट झालं. लक्ष्मणरावांनी पायानं लाल पेटी पुढं सरकवली, ती फरशीवर खरवडत कौस्तुभच्या बुटांना जाऊन लागली.

“माझं सांगून झालं,” ते म्हणाले. “आता तू सांग. त्या दिवशी हिच्यात काय होतं?”

सगळा हॉल कौस्तुभकडं बघायला लागला. एकटी रसिका त्यांच्याकडं बघत होती.